अमेरिकेतील मुलींची कॅथलिक शाळा : प्रवेशापूर्वी मराठी पालकांनी तपासावयाच्या गोष्टी

अमेरिकेत ‘हायस्कूल’ हा शब्द नववी ते बारावी या चार इयत्तांसाठी वापरला जातो आणि महाविद्यालयाच्या अर्जासोबत जाणारी गुणपत्रिकाही नववीपासूनच सुरू होते. त्यामुळे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा मेरीलँडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलगी सातवी-आठवीत आली की पुढच्या चार वर्षांची शाळा कोणती, हा प्रश्न घरात उभा राहतो. घराच्या पत्त्यावरून ठरणारी सरकारी शाळा विनाशुल्क असते आणि तिच्या शेजारी पर्याय म्हणून मुलींच्या खासगी कॅथलिक शाळेचे नाव पुढे येते, तेव्हा अनेक घरांत ‘कॉन्व्हेंट’ या एका शब्दाने निम्मा निर्णय आधीच करून टाकलेला असतो. पुणे, मुंबई किंवा नागपूर येथील कॉन्व्हेंटमध्ये आई, मावशी किंवा आत्या शिकलेली असते आणि उत्तम इंग्रजी, काटेकोर शिस्त, इस्त्रीचा गणवेश व इतर धर्मांच्या मुलींना धर्माच्या बाबतीत सहसा न दुखावणारे वातावरण, एवढे त्या शब्दात गृहीत धरलेले असते. अमेरिकेत हे गृहीतक जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकते. इंग्रजी तेथे प्रत्येकच शाळेत आहे, ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा रूढ अर्थ धर्मभगिनींचे निवासस्थान एवढाच आहे आणि धर्माचे स्थान तर महाराष्ट्रातील शाळेपेक्षा पूर्णपणे वेगळे आहे. म्हणून आठवणीतली शाळा बाजूला ठेवून समोरची शाळा तिच्या स्वतःच्या कागदपत्रांवरून वाचणे हा निवडीचा पहिला नियम मानावा.

अशा शाळेचे वर्णन बहुधा चार विशेषणांनी केलेले असते आणि त्यांतील प्रत्येकाचा व्यावहारिक अर्थ पालकांनी समजून घ्यावा. ‘खासगी’ म्हणजे शुल्कावर व देणग्यांवर चालणारी आणि प्रवेश देण्याची वा नाकारण्याची मोकळीक असलेली. ‘कॅथलिक’ म्हणजे स्थानिक बिशपच्या मान्यतेने हे नाव धारण करणारी आणि चर्चची शिकवण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवणारी. ‘कॉलेज प्रिपरेटरी’ म्हणजे प्रत्येक विद्यार्थिनी चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाकडे जाणार हे धरून विषयांची आखणी करणारी. यात व्यवसायशिक्षणाची शाखा सहसा नसते. ‘डे स्कूल’ म्हणजे वसतिगृह नसलेली, सकाळी भरून दुपारी सुटणारी शाळा, ज्यात जाण्यायेण्याची जबाबदारी प्रायः कुटुंबाची असते. ‘मुलींची’ हे पाचवे विशेषण स्वतंत्र विचार मागते, तो पुढे केला आहे.

या शाळांची परंपरा अमेरिकेच्या राज्यघटनेपेक्षाही जुनी आहे. न्यू ऑर्लिन्स येथील उर्सुलाइन अकॅडमी १७२७ मध्ये, म्हणजे ते शहर फ्रेंच अमलाखाली असताना, सुरू झाली; वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन व्हिजिटेशन ही शाळा १७९९ ची. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे १८५९ मध्ये क्वेबेकहून आलेल्या बारा धर्मभगिनींनी सेंट मेरीज अकॅडमी काढली आणि ती आजही मुलींची कॅथलिक दिवसशाळा म्हणून चालू आहे. या शेवटच्या शाळेचा इतिहास अमेरिकेतील सर्व पालकांशी जोडलेला आहे. १९२२ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच पाठवणे सक्तीचे करणारा कायदा संमत केला, त्यामागे कॅथलिकविरोधी भावनेचा आणि कु क्लक्स क्लानसारख्या संघटनांचा जोर होता. त्याविरुद्ध सेंट मेरीज चालवणारा ‘होली नेम्स’ भगिनींचा संघ न्यायालयात गेला आणि १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पियर्स विरुद्ध सोसायटी ऑफ सिस्टर्स’ या खटल्यात तो कायदा एकमताने रद्द केला. मुलांचे शिक्षण कोणत्या शाळेत व्हावे हे ठरवण्याचा पालकांचा हक्क या निकालाने पक्का झाला. मात्र त्यातून एक दुसरी गोष्टही निघते आणि ती पालकांच्या लक्षात क्वचितच येते : खासगी शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य पालकाला आहे, तसेच आपल्या धर्माप्रमाणे चालण्याचे स्वातंत्र्य त्या शाळेलाही आहे, आणि प्रवेश घेणाऱ्याने ते मान्य केले असे समजले जाते.

शाळा कोणाची, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. काही शाळा धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्रातील प्रशासनाच्या असतात, तर मुलींच्या बहुतेक जुन्या शाळा एखाद्या धर्मभगिनी-संघाने स्थापलेल्या आणि आता स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे सोपवलेल्या आहेत. संघ कोणता यावरून शाळेचा स्वभाव पुष्कळसा कळतो. इटलीतील ब्रेशा येथे १५३५ मध्ये अँजेला मेरिची यांनी सुरू केलेला उर्सुलाइन संघ मुलींच्या शिक्षणासाठीच ओळखला जातो. डब्लिनमध्ये १८३१ मध्ये कॅथरीन मकॉली यांनी स्थापलेल्या ‘मर्सी’ संघाच्या शाळांत गरिबांच्या सेवेवर भर आढळतो. तर १८०० मध्ये फ्रान्समध्ये मादलेन सोफी बारा यांनी सुरू केलेला ‘सेक्रेड हार्ट’ संघ आपल्या अमेरिकेतील सर्व शाळांसाठी श्रद्धा, बौद्धिक मूल्ये, सामाजिक भान, समुदायभाव आणि व्यक्तिगत वाढ अशी पाच ध्येये लेखी ठेवतो व त्यांवर शाळांचे परीक्षणही करतो. मुंबईतील सोफिया महाविद्यालय याच संघाचे असल्याने तेथे शिकलेल्या आईला मेरीलँडमधील स्टोन रिजसारख्या शाळेतील काही शब्द ओळखीचे वाटतील. तेवढ्या ओळखीवर मात्र विसंबू नये.

याचे एक कारण असे की संघाचे नाव पाटीवर असले तरी वर्गात धर्मभगिनी क्वचितच दिसते. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत जवळपास १,८०,००० धर्मभगिनी होत्या. आज ती संख्या ४०,००० च्या आत आली आहे आणि असलेल्यांपैकी बहुतेक जणी वृद्ध आहेत. नाममात्र मोबदल्यावर शिकवणाऱ्या भगिनींच्या श्रमावर या शाळांचे जुने अर्थकारण उभे होते. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले तसे शुल्क वाढले, शुल्क वाढले तशी मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबे कमी झाली आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी शाळांनी इतर धर्मांच्या कुटुंबांकडे अधिक मोकळेपणाने पाहण्यास सुरुवात केली. देशभरातील कॅथलिक शाळांत आज ढोबळमानाने पाचांतील एक विद्यार्थी कॅथलिक नसतो. मराठी मुलीचे जे स्वागत होते त्यात चांगुलपणा असतोच. पण त्यामागे हे गणितही असते, आणि ते ठाऊक असलेला पालक शुल्कसवलतीविषयी अधिक निःसंकोचपणे बोलू शकतो.

हेच गणित काही शाळांना पेलले नाही. बॉल्टिमोर येथील इन्स्टिट्यूट ऑफ नोत्रदाम ही १८४७ मधील मुलींची शाळा, जिच्या माजी विद्यार्थिनींत राजकीय नेत्या नॅन्सी पेलोसी यांचा समावेश होतो, २०२० मध्ये बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील मर्सी हायस्कूलही त्याच वर्षी बंद झाले. अकरावीत शाळा बंद पडणे ही मुलीच्या दृष्टीने लहान आपत्ती नव्हे. म्हणून गेल्या पाच वर्षांतील पटसंख्या, स्थायी निधी, विश्वस्त मंडळाची रचना आणि इमारतीची मालकी या चार गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. चांगली शाळा असे प्रश्न उद्धटपणाचे मानत नाही; उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच समजावे.

सर्वांत जास्त विचार धर्मशिक्षणाच्या मुद्द्यावर व्हावा, कारण गैरसमज येथेच सर्वांत खोल असतात. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार राज्याची मान्यता किंवा निधी असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी व्हावे लागत नाही; म्हणूनच महाराष्ट्रातील कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाच्या तासाला गेल्या की इतर मुली ‘मॉरल सायन्स’च्या वर्गात बसत, अशी सर्वसाधारण पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील खासगी कॅथलिक शाळेवर असे बंधन नाही. तेथे धर्मशास्त्र, म्हणजे ‘थिऑलॉजी’ किंवा ‘रिलिजस स्टडीज’, हा बहुतेक ठिकाणी चारही वर्षे सक्तीचा विषय असतो, त्यात गृहपाठ, निबंध व परीक्षा असतात आणि त्याचे गुण सरासरीत धरले जातात. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये या विषयासाठी एक अभ्यासचौकट संमत केली. बायबल व ईश्वरी प्रकटीकरण, येशू ख्रिस्ताची व्यक्तिरेखा, त्याचे मरण व पुनरुत्थान, चर्च, संस्कारविधी आणि नीतिजीवन असा तिचा क्रम असून वरच्या वर्गांसाठी जागतिक धर्मांसारखे ऐच्छिक विषयही तीत आहेत. शाळा ही चौकट कितपत अक्षरशः पाळते ते तिच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेवरून कळते.

या विषयाकडे पालकांनी भीतीने पाहू नये आणि ‘पाठ करून गुण मिळवायचे’ अशा उपेक्षेनेही पाहू नये. चांगल्या शिक्षिकेच्या हाती हा तास म्हणजे मूळ ग्रंथ बारकाईने वाचणे, युक्तिवादाची मांडणी करणे आणि न्याय, युद्ध, दारिद्र्य यांसारख्या प्रश्नांवर लिहिणे शिकवणारा तास असतो, आणि निबंधलेखनाचा तो सराव महाविद्यालयात उपयोगी पडतो. दुसरीकडे, गर्भपात, विवाह आणि लैंगिकता या विषयांवर चर्चची अधिकृत भूमिका शिकवली जाईल हेही निश्चित आहे, आणि आरोग्यशिक्षणातही तिचा प्रभाव दिसेल. ज्या घरात या विषयांवर मोकळेपणाने बोलले जाते त्या घरातील मुलीला याचा त्रास होत नाही. जेथे बोललेच जात नाही तेथे मुलीला एकच बाजू ऐकू येते. शाळेने धर्मांतराचा प्रयत्न करावा असे चर्चच्या आजच्या धोरणात बसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात हिंदू धर्माचा नावानिशी आणि आदराने उल्लेख आहे. मुलीच्या जागतिक धर्मांच्या पुस्तकात मात्र हिंदू धर्मावरील प्रकरण कसे लिहिले आहे ते पालकांनी स्वतः वाचावे, कारण वारकरी संप्रदायाचे नावही नसलेले आणि जातिव्यवस्थेपाशी सुरू होऊन तिथेच संपणारे प्रकरण कोणत्याही शाळेत, सरकारी शाळेतसुद्धा, हाती येऊ शकते. तसे आढळल्यास तक्रारीपेक्षा वाचनाची पूरक यादी घेऊन शिक्षिकेस भेटणे अधिक फलदायी ठरते.

उपासनेचा भाग याहून सोपा आहे, फक्त तो आधी समजावून सांगावा लागतो. महिन्यातून एखाद्या वेळी आणि सणांच्या दिवशी सर्व शाळेसाठी मिस्सा होतो. वसईकडील कॅथलिक मराठीत रूढ असलेला हा शब्द भाकर व द्राक्षरस यांच्या अर्पणविधीसाठी आहे. सर्व मुलींनी तेथे उपस्थित राहावे अशी अपेक्षा असते, परंतु ख्रिस्तप्रसाद, ज्याला ‘कम्युनियन’ म्हणतात, तो कॅथलिक नसलेल्यांनी घ्यावयाचा नसतो. देवळात प्रसाद नाकारू नये असे शिकवलेल्या मराठी मुलीकडून येथे निरागसपणे चूक होऊ शकते. म्हणून रांगेत न जाता जागेवर बसून राहणे, किंवा जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरणे आणि केवळ आशीर्वाद घेणे, ही पद्धत तिला घरीच सांगून ठेवावी. वरच्या वर्गांत ‘रिट्रीट’ नावाचे आत्मचिंतन शिबिर असते, ज्यात काही वेळा दोन-तीन रात्री मुक्काम असतो. त्याची सक्ती आहे किंवा कसे, हे विचारावे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने त्या दिवसांत शाकाहारी मुलीची उपाहारगृहात उलट सोयच होते. टिकली, मेंदी किंवा गळ्यातील गणपतीचे पदक यांविषयीचा नियम प्रत्येक शाळेच्या विद्यार्थी-पुस्तिकेत निराळा असतो, आणि दिवाळी वा गणेशचतुर्थीची रजा ‘पूर्वसूचित अनुपस्थिती’ म्हणून मागावी लागते.

केवळ मुलींची शाळा असण्याचा फायदा किती, याविषयी शाळांची माहितीपत्रके जेवढ्या खात्रीने बोलतात तेवढी खात्री संशोधन देत नाही. २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली अ‍ॅलिसन यांनी २१ देशांतील १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. कुटुंबाची आर्थिक स्थिती व पूर्वीची गुणवत्ता यांसारखे घटक हिशेबात घेतले की एकलिंगी शाळेचा फायदा नगण्य उरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. याउलट लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिंडा सॅक्स यांनी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात मुलींच्या शाळांतून आलेल्या विद्यार्थिनींचा गणित व संगणकातील आत्मविश्वास आणि अभियांत्रिकीकडे असलेला कल थोडा अधिक आढळला, पण तो फरकही लहानच होता. डॅलसच्या उर्सुलाइन अकॅडमीत मेलिंडा फ्रेंच गेट्स यांनी संगणक शिकण्यास आरंभ केला, किंवा जलतरणपटू केटी लेडेकी या स्टोन रिजच्या विद्यार्थिनी होत्या, ही उदाहरणे खरी असली तरी त्यांवरून कोणत्याही मुलीचे भविष्य सांगता येत नाही. येथे सर्वसाधारण निष्कर्षापेक्षा विशिष्ट मुलगी महत्त्वाची. वर्गात मुलगे असताना हात वर न करणारी, वादविवादात मागे राहणारी किंवा मोठ्या सरकारी शाळेच्या दोन-तीन हजारांच्या गर्दीत हरवणारी मुलगी चार-पाचशेंच्या शाळेत खुलू शकते. विद्यार्थी-संघटनेची अध्यक्ष, रोबोटिक्स संघाची प्रमुख आणि भौतिकशास्त्रातील पहिली अशी प्रत्येक जागा तेथे मुलीच भरतात, एवढे मात्र निर्विवाद आहे. जी मुलगी आधीच मित्रमैत्रिणींच्या मोठ्या, मिश्र गटात सुखी आहे तिला केवळ पालकांच्या निश्चिंततेसाठी तेथून उचलणे योग्य नव्हे. ‘मुलींची शाळा म्हणजे मुलांपासून दूर’ हा हेतू मनात असेल तर तो सोडून द्यावा, कारण शेजारच्या मुलांच्या कॅथलिक शाळेबरोबर नृत्यसंध्या, नाटके व सामने ठरलेलेच असतात.

महाविद्यालयाच्या तयारीचा दावा तपासण्यासाठी एक कागद पुरेसा असतो आणि पालक नेमका तोच मागत नाहीत. प्रत्येक शाळा महाविद्यालयांना विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेबरोबर ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे एक-दोन पानांचे पत्रक पाठवते. त्यात वर्गसंख्या, गुणदानाची पद्धत, उपलब्ध प्रगत अभ्यासक्रम आणि प्रमाणित परीक्षांतील सरासरी ही माहिती असते. हे पत्रक प्रवेश कार्यालयाकडून मागून घ्यावे. त्यात ‘एपी’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट या महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमांची संख्या पाहावी, पण त्याहून अधिक काळजीने त्या परीक्षांना किती मुली बसतात आणि एक ते पाच या मापनात किती जणींना तीन किंवा अधिक मिळतात ते पाहावे. लहान शाळेत ठरावीक अभ्यासक्रम एखाद्या वर्षी पुरेशा मुली नसल्याने भरत नाहीत. गणितात पुढे असलेल्या मुलीसाठी कॅल्क्युलसनंतर काय, हा प्रश्न नववीतच विचारावा. कॅलिफोर्नियातील पालकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘ए-जी’ यादीत, म्हणजे त्या विद्यापीठाने प्रवेशासाठी आवश्यक ठरवलेल्या पंधरा वार्षिक अभ्यासक्रमांच्या चौकटीत, शाळेचे कोणते विषय मान्य आहेत ते तपासावे. मराठी शाळेत, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या रविवारच्या वर्गांत, जाणाऱ्या मुलीचे मराठी परकीय भाषेच्या आवश्यकतेसाठी धरले जाईल का, याचे उत्तर शाळेगणिक बदलते. ते लेखी घ्यावे.

‘आमच्या मुलींना अमुक अमुक महाविद्यालयांत प्रवेश मिळाला’ अशी यादी प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि तिच्यात एक लहानशी चलाखी असते. एका हुशार मुलीला दहा ठिकाणी प्रवेश मिळाला तर दहाही नावे यादीत येतात. म्हणून किती जणींना प्रवेश ‘मिळाला’ त्यापेक्षा किती जणींनी तेथे प्रवेश ‘घेतला’, आणि तोही गेल्या तीन-चार वर्षांतील, हे विचारावे. मार्गदर्शक समुपदेशकांची संख्या हा खासगी शाळेचा खरा फायदा असू शकतो. अमेरिकन शालेय समुपदेशकांच्या संघटनेने एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी हे प्रमाण सुचवले आहे, आणि अनेक सरकारी शाळांत ते ओलांडले जाते. शाळेत केवळ महाविद्यालयीन प्रवेशाचे काम पाहणारी व्यक्ती आहे का, आणि ती मुलीला कोणत्या इयत्तेपासून भेटते, हे दोन प्रश्न त्यासाठी पुरे.

प्रवेशाची प्रक्रिया आठवीच्या सप्टेंबरमध्ये सुरू होते. शरद ऋतूत खुली भेट, त्यानंतर एखाद्या विद्यार्थिनीबरोबर दिवसभर वर्गांत बसण्याचा ‘शॅडो डे’, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अर्ज व परीक्षा, सातवी-आठवीच्या गुणपत्रिका, बहुधा इंग्रजी व गणित शिक्षकांची शिफारसपत्रे, मुलाखत आणि वसंताच्या आरंभी निर्णय, असा साधारण क्रम असतो. पुष्कळ कॅथलिक शाळा ‘एचएसपीटी’ म्हणजे हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट ही परीक्षा घेतात; तिच्या प्रचलित स्वरूपात शाब्दिक क्षमता, संख्यात्मक क्षमता, वाचन, गणित आणि भाषा अशा पाच भागांत २९८ प्रश्न सुमारे अडीच तासांत सोडवायचे असतात. शाब्दिक भागात तर ६० प्रश्नांना १६ मिनिटे मिळतात, म्हणून ही परीक्षा ज्ञानाइतकीच वेगाची आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न सोडू नये. न्यूयॉर्कच्या आर्चडायोसीझमध्ये, म्हणजे महाधर्मप्रांतात, ‘टॅक्स’ या नावाने ओळखली जाणारी वेगळी परीक्षा असते, तर स्वतंत्र स्वरूपाच्या काही शाळा ‘आयएसईई’ किंवा ‘एसएसएटी’ स्वीकारतात. तीन-चार महिन्यांचा घरगुती सराव पुरतो. शिकवणी वर्गांवर वर्षभर खर्च करण्याइतकी ही परीक्षा मोठी नाही.

खर्चाविषयी बोलताना शुल्क हा फक्त आरंभ असतो. धर्मप्रांताच्या शाळांत ते तुलनेने कमी असते, किनारपट्टीच्या मोठ्या शहरांत वर्षाला वीस ते तीस हजार डॉलर सहज होते आणि न्यूयॉर्कमधील काही स्वतंत्र शाळांत पन्नास हजारांच्याही पुढे जाते. त्यावर नोंदणी, गणवेश, पुस्तके वा टॅब्लेट, खेळ, शिबिरे आणि ‘अ‍ॅन्युअल फंड’ची देणगी येते, ही देणगी ऐच्छिक असते, पण प्रत्येक कुटुंबाने काही ना काही द्यावे अशी अपेक्षा उघड बोलून दाखवली जाते. आर्थिक साहाय्यासाठी ‘फॅक्ट्स’सारख्या त्रयस्थ संस्थेमार्फत उत्पन्नाची विवरणपत्रे द्यावी लागतात आणि त्याची मुदत अनेकदा प्रवेश-निर्णयाच्या आधीच संपते. दोघे कमावते असलेल्या घरांत ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून अर्जच केला जात नाही. भावंडे, आजीआजोबांचा खर्च व घरकर्ज यांचा विचार होत असल्याने अर्ज करून पाहावा. ‘५२९’ या करसवलतीच्या शिक्षण-बचत खात्यातून २०१८ पासून शालेय शुल्कासाठी वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत काढता येत असे आणि २०२६ पासून ही मर्यादा वीस हजार झाली आहे; परंतु कॅलिफोर्निया राज्य ही सवलत मानत नाही, तेव्हा तेथील पालकांनी कर सल्लागारास विचारल्याशिवाय या खात्याला हात लावू नये. मुलीचे महाविद्यालय चार वर्षांवर आलेले असताना त्यासाठीचीच बचत शाळेवर संपवणे हा बहुतेक कुटुंबांसाठी तोट्याचा सौदा आहे.

दिवसशाळेचा खर्च वेळेतही मोजावा लागतो. न्यू जर्सीत वीस मैलांच्या आतील खासगी शाळेसाठी, आणि पेनसिल्व्हेनियात जिल्ह्याच्या हद्दीपासून दहा मैलांपर्यंत, स्थानिक शाळा-जिल्ह्याने बस किंवा तिचा मोबदला देण्याची तरतूद आहे. अन्य अनेक राज्यांत सर्व भार पालकांच्या गाडीवर पडतो. रोज दोन तास प्रवास करणाऱ्या मुलीच्या वाट्याला खेळ, नाटक व झोप यांपैकी एक गोष्ट येत नाही.

प्रवेशपत्राबरोबर येणारा करार हा शेवटचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद. सरकारी शाळेतून काढताना विद्यार्थ्याला घटनेने दिलेले सुनावणीचे संरक्षण असते, १९७५ च्या ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ निकालाने ते अल्पकालीन निलंबनालाही लागू केले. खासगी शाळेत करार व विद्यार्थी-पुस्तिका यांत लिहिलेले असेल तेवढेच संरक्षण मिळते. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलीसाठी सरकारी शाळेने केलेला ‘आयईपी’, म्हणजे कायद्याने बंधनकारक वैयक्तिक शिक्षण आराखडा, खासगी शाळेत तसाच लागू होत नाही; वाढीव वेळ, शांत खोली किंवा विशेष शिक्षक यांपैकी काय मिळेल ते आधी लेखी ठरवावे. ठरावीक तारखेनंतर मुलीला काढल्यास संपूर्ण वर्षाचे शुल्क भरावे लागेल, असे कलमही बहुधा असते.

हे सर्व कागद वाचून झाल्यावरही मुलीचा ‘शॅडो डे’ होईपर्यंत निर्णय राखून ठेवावा आणि त्या दिवशी घरी आल्यावर तिला शाळा ‘आवडली का’ असे न विचारता जेवणाच्या सुट्टीत ती कोणाबरोबर बसली, वर्गात कोणी प्रश्न विचारले आणि शिक्षिका त्यांवर काय म्हणाल्या, एवढेच विचारावे. मिस्सा आणि धर्मशास्त्राचा तास यांविषयी तिच्याशी बोलणेही त्याच आठवड्यात उरकावे, कारण निर्णयाचे पत्र आल्यावर अनामत भरण्यासाठी सहसा एक-दोन आठवडेच मिळतात आणि ती अनामत परत मिळत नाही.